चिमट्याचा सराव

हैदराबादेत कॉल सेंटरं नवी नवी निघाली होती. गौलीगुड्याच्या त्रिवेणीची नोकरी एका परीक्षेवर अडली होती. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं, "अमेरिकेच्या गिऱ्हाइकाशी बोलताना बोट दारात चेंगरलं तरी 'अय्यो' नाही, 'आउच'च निघालं पाहिजे. शनिवारी मी न सांगता चिमटा काढून बघणार."

झालं! घरादाराने कंबर कसली. नवरा जाता-येता चिमटे काढू लागला. सासरे पेपर वाचता वाचता हात लांब करू लागले. सासूबाईंना तर लग्नापासून इतकं आवडीचं काम कुणी दिलंच नव्हतं. पोळपाटावरची पोळी तशीच टाकून त्या सुनेच्या दंडाचा समाचार घेत आणि वर म्हणत, "तुझ्याच भल्यासाठी गं बाई!" पहिल्या दिवशी त्रिवेणी "अय्यो, आई गं" अशी दोन्ही भाषांत कळवळली. बुधवारपर्यंत 'आउच' अस्सल अमेरिकन झालं. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण सासूबाई म्हणाल्या, "अजून चांगलं घोटून घेऊ." शुक्रवारी तिचे दोन्ही दंड वांग्यासारखे जांभळे झाले होते.

शनिवारी मॅडम हळूच मागून आल्या आणि त्यांनी त्रिवेणीच्या दंडाला करकचून चिमटा काढला. मग दुसरा. मग दात-ओठ खाऊन तिसरा. त्रिवेणी आपली हसतमुखाने समोर बघत बसलेली.

शेवटी तिनेच अदबीने विचारलं, "मॅडम, चिमटा कधी काढणार?"