वीस मिनिटं

सुमंगलेचं पत्र नऊ वर्षांपूर्वी आलं होतं. निळं अंतर्देशीय, आत चारच ओळी. आई आजारी असल्याचं कळलं. बघायला येऊ का? कळवा. गोकुळदासमास्तरांनी कळवलं नाही.

ते रागावले नव्हते. मुलीने वास्कोच्या आंतोनशी लग्न केलं तेव्हा ते नुसते गप्प राहिले होते. उत्तर लिहायला बसल्यावर आधी त्या गप्प राहण्याविषयी काही लिहायला हवं असं त्यांना वाटलं. ते जमेना. खाणवाल्यांना, मामलेदाराला अर्ध्या सर्वण गावाची पत्रं त्यांनीच लिहून दिली होती. हे एक पत्र त्यांनी सात वेळा लिहिलं आणि सात वेळा फाडलं. तेवढ्यात बायको, शांता, गेली. सुमंगलेला ते वर्तमानपत्रातून कळलं. ती आली नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला शेजारची यशोदा वास्कोला जाऊन आली. तिथे तिला सुमंगला भेटली होती.

"तुमचें सुमंगल मेळ्ळें," ती दारातूनच म्हणाली. "वीस तारखेक पोर्तुगालाक वतात, भुरग्यांक घेवन. म्हाका म्हणटा, आवयकूच हांव नाका आशिल्लें."

आईलाच आपण नको होतो. नऊ वर्षं मुलगी हे धरून बसली होती, आणि आता हेच मनात घेऊन ती मुलाबाळांसह समुद्रापार जाणार होती.

मास्तर दुसऱ्याच सकाळी लिहायला बसले. पण दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेल्यापासून उजवा हात चालत नव्हता. दुसऱ्याला सांगून लिहवून घेण्यासारखं हे पत्र नव्हतं. म्हणून त्यांनी डिचोलीहून संगणक आणला, प्रिंटरसकट. दुकानदाराने त्यात मराठी अक्षरं घालून दिली. डाव्या हाताच्या एका बोटाने मास्तर ती शोधू लागले.

संगणक वीस मिनिटांनी बंद पडला. पुन्हा चालू केला तर लिहिलेलं गेलेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही.

सोबतच्या कागदावर मदतीचा नंबर होता. फोन लावला की आधी संगीत वाजे, मग हिंदीतून एक गोड आवाज नाव विचारी, गाव विचारी, तक्रार विचारी आणि बंद करून पुन्हा चालू करायला सांगे. मास्तर करत. वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी आवाज दुसरा. पुन्हा नाव, पुन्हा गाव, गोष्ट पहिल्यापासून. लिहिलेलं मधूनमधून जतन करत चला, एकीने सुचवलं. अर्धवट लिहिलेलं ठेवायची मास्तरांना सवय नव्हती. एकाने डिचोली कुठे आहे ते विचारलं. गोव्यात म्हटल्यावर तो खूश झाला. "मग काय, समोरच समुद्र असेल तुमच्या," तो म्हणाला. मास्तरांच्या समोरून त्या वेळी खनिजाचे ट्रक जात होते, एकामागून एक.

माणूस पाठवतो, पाठवतो म्हणत पंधरा तारीख उजाडली. तेव्हा दुकानातून सगुण आला. पन्नाशीचा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने पिशवी खाली ठेवली आणि तो संगणकाला हात न लावता नुसता बघत राहिला.

संगणकाच्या डब्यावर वरपासून खालपर्यंत क्रोशाचं आवरण होतं. शांताने कधीकाळी रेडिओसाठी विणलेलं. ट्रकांची तांबडी धूळ आत जाऊ नये म्हणून मास्तरांनी ते घातलं होतं. लिहितानाही ते काढत नसत.

"मास्तर, हाणें स्वास खंयच्यान घेवचो?" सगुण म्हणाला. "आंत तापता, मागीर बंद पडटा."

"फोनार कोणेंच विचारलें ना."

"तांकां दिसना मूं."

त्याने आवरण काढून घडी घातली. डबा उघडला, ब्रशने आतल्या पंख्यावरची धूळ झाडली आणि खुर्ची ओढून घेतली. "आतां बरयात. हांव बसतां. बंद पडपाचो जाल्यार म्हज्या मुखार पडूं."

मास्तरांनी लिहिलं, चि. सुमंगला हीस अनेक आशीर्वाद. पुढचं एक वाक्य लिहून पुसलं. दुसरं लिहून पुसलं. मग ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. पंखा एकसारखा घुमत होता. पडद्यावर आशीर्वादाची एकच ओळ होती.

"मास्तर," सगुण हळू आवाजात म्हणाला, "मशीन चालूच आसा. तुमीच थांबल्यात."

मास्तरांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "सुरवात खंयच्यान करूं तेंच कळना रे."

"म्हजी बायल म्हणटा, वायट खबर आसल्यार पयलीं ती सांग. चाय मागीर."

मास्तरांनी आशीर्वादाची ओळही पुसली. मग दहा मिनिटं ते न थांबता एका बोटाने लिहीत राहिले. प्रिंटरने कागद बाहेर टाकला. अक्षरं नीट उठली का ते बघायला सगुण सवयीने वाकला. वाचून झाल्यावर तो बाहेर सोप्यावर जाऊन बसला.

"बरें छापलां," तिथून तो एवढंच म्हणाला.

त्याच्याच स्कूटरवर मागे बसून मास्तर डिचोलीच्या पोस्टात गेले. तिकीट डाव्या हाताने लावलं, ते तिरकं बसलं. सरळ करायला त्यांनी नख लावलं, आणि मग तसंच राहू दिलं. पाकीट पेटीत टाकलं.

आत तीन वाक्यं होती. तुझं पत्र आलं होतं, ते मी आईला दाखवलं नाही. ती शेवटच्या दिवसापर्यंत विचारायची, सुमंगलेचं काही आलं का. मी रोज सांगायचो, नाही आलं.