डॅशबोर्डवरची खीळ

"उजवीकडे! अहो बाई, उजवीकडे घ्या!" ट्रेलरवाल्यांच्या तळावर शेजारी उतरलेला मर्ल ओरडला. हातात कॉफीचा मग, बूड खुर्चीत.

आर्डिसने ऐकलंच नाही असं दाखवलं. पिकअप आणखी वीतभर मागे घेतली आणि उतरून बघितलं. मागचा लोखंडी गोळा ट्रेलरच्या तोंडाखाली बरोबर आला होता. अडुसष्टाव्या वर्षी ती हे शिकली होती, बंद पडलेल्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, दर रविवारी.

त्याआधी तीस वर्षं हा फिरत्या घराचा ट्रेलर ओढला तो तिच्या नवऱ्याने, आयव्हरने. जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिला एकच शब्द: च्यायला. डॉक्टर म्हणाले, होतं असं, सगळं जातं आणि शिवी तेवढी मागे राहते. कॉफी हवी तरी च्यायला, नको तरी च्यायला. दिवा मालवल्यावर बायकोचा हात धरूनसुद्धा तेच.

निघताना मुलीने बजावलं होतं, "आई, ट्रेलरला एक ओरखडा जरी पडला ना, तर तो विकायचा आणि बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं. कबूल?" आर्डिसने दात आवळून कबूल केलं होतं.

आज चौथा मुक्काम हलवायचा होता. पुढे बिगहॉर्नचा घाट, मैलोन् मैल उतार.

तिने जॅक फिरवून ट्रेलरचं तोंड गोळ्यावर बसवलं. आता कडी दाबायची आणि कडीत खीळ घालायची. मुक्कामावर ही खीळ डॅशबोर्डवर ठेवायची, हा आयव्हरचा जुना नियम. डोळ्यांसमोर असली की विसरत नाही. ती आणायला आर्डिस वळली, तोच मर्ल येऊन ठेपला आणि गाडीत बसलेल्या आयव्हरच्या खिडकीत वाकला.

"काय साहेब!" तो बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला. "बायकोला कामाला जुंपलंत आणि स्वतः बसलात होय लाटसाहेबासारखे?"

"च्यायला," आयव्हर म्हणाला.

मर्ल खो खो हसला.

"त्यांना ऐकू येतं," आर्डिस म्हणाली. "ओरडू नका."

"बरं बरं. सुरक्षेच्या साखळ्या एकीवर एक घातल्यात का? नाही, आमच्या ओळखीत अशीच एक बाई होती. एकटीच निघाली शहाणी. ट्रेलरसकट खड्ड्यात! सरका, मी करून देतो. बायकांचं काम नाही हे."

काल शेकोटीपाशी हाच मर्ल सगळ्यांना सांगत होता, "मी जोडणी करत असलो ना, की आमची बायको तोंड उघडत नाही. माणूस बोलण्यात गुंतला की काहीतरी राहतंच." लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"येतं मला," आर्डिस म्हणाली. साखळ्या तिने एकीवर एक घातल्या. दिव्यांची वायर खोचली. मर्ल विचारत होता, टायरमध्ये हवा किती, वजन किती, घाटात कितवा गिअर, आणि ती एकेकाचं उत्तर देत होती. जॅक वर घेतला, गाडीत बसली आणि दार धाडकन ओढलं.

"च्यायला," आयव्हर म्हणाला.

"हो रे बाबा. मलाही तसंच वाटतंय."

"च्यायला!" त्याने डॅशबोर्डवर हात आपटला.

"आयव्हर, आता तू तरी माझं डोकं खाऊ नकोस!"

पिकअप हलली. तसा आयव्हरने सगळा देह तिच्याकडे झोकून दिला आणि डावा पंजा हॉर्नवर दाबला. दाबला तो उचललाच नाही. सकाळच्या सात वाजता सगळा तळ दणाणला. कुत्री भुंकायला लागली. लोक पायजम्यांवर बाहेर आले.

आर्डिसने करकचून ब्रेक मारला. आयव्हरने हात उचलला, डॅशबोर्डवरची खीळ घेतली आणि तिच्या नाकासमोर धरली.

ती खाली उतरून मागे गेली. कडी उघडीच होती. ट्रेलर नुसता गोळ्यावर टेकला होता. घाटाच्या पहिल्या वळणावर काय झालं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मर्लचा राग होताच, पण स्वतःचा त्याहून जास्त आला. कशाला उत्तरं देत बसलो आपण त्या मेल्याला? सभ्यपणा म्हणून!

तिने कडी दाबली. खट् आवाज झाला. खीळ आत सारली, ओढून बघितली. मग साखळ्यांपासून सगळं पुन्हा तपासलं.

"बघा!" मर्ल परत हजर. "राहिलं ना काहीतरी? मी म्हणतच होतो. साहेब, तुम्हीच सांगा आता बायकोला..."

आयव्हरने डाव्या हाताने त्याला जवळ बोलावलं. मर्लने खिडकीत कान दिला. आयव्हरने दम घेतला आणि जानेवारीपासून कधी निघाला नव्हता इतका स्वच्छ शब्द काढला.

"च्यायला."

मर्ल ताठ झाला. "काय म्हणतायत हे?"

"ते म्हणतायत," आर्डिस गाडीत चढत म्हणाली, "जोडणी चालू असताना मध्ये बोलू नये."

तिने डॅशबोर्डकडे बघितलं. रिकामा होता. गाडी निघाली, मागून ट्रेलर निघाला. मर्लच्या खुर्चीसमोर आल्यावर आयव्हरने हात लांबवून पुन्हा हॉर्न दाबला. या वेळी काहीच राहिलं नव्हतं.