एक ताव कमी

मोजणीत एक ताव कमी भरला आणि कारखान्याचं गेट बंद झालं.

नोटांचा कागद बनवणारा कारखाना तो. इथे फाटका तुकडासुद्धा मोजूनच लगद्यात परत जायचा. अशा वेळी कसून झडती दिल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, हा नियम. बायकांची झडती घ्यायची ती ताईने. सगळ्याच तिला ताई म्हणायच्या, पण सख्खी बहीण त्या रांगेत एकच होती. मोजणी खात्यातली धाकटी.

"हळू गं ताई, गुदगुल्या होतात," पहिलीने नेहमीचा विनोद केला. ताईला आज हसू आलं नाही. तिचं लक्ष रांगेच्या शेवटाकडे होतं.

धाकटीचं आज काहीतरी बिनसलं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती विचारायला आली होती, "संध्याकाळी गेटवर तूच ना? दुसरी कुणी नाही ना?"

"मीच. का गं?"

"काही नाही, सहज."

आणि तिचा नवरा! कागदात ती चकाकती तार घालतात कशी, हे त्याने परवा जेवताना खोदून खोदून विचारलं होतं. तेव्हा ताईने ते हसण्यावारी नेलं. आता तो प्रश्न तिला साधा वाटेना. आईमागे तिनेच धाकटीला वाढवलं होतं, आपल्या शब्दावर इथे कामाला लावलं होतं. इथे चुकीला माफी नव्हती. पलीकडच्या गेटवर पुरुषांची झडती घेणाऱ्या काकांना गेल्या महिन्यात तडकाफडकी घरी बसवलं. का, ते कुणाला कळलं नाही, आणि काकाही तोंड उघडेनात.

रांग संपत आली. गेटबाहेर सुरक्षा अधिकारी येरझाऱ्या घालत होते.

धाकटी समोर आली.

ताईने तिचे खांदे चाचपले, कंबर चाचपली. पिशवीच्या अस्तरावरून हात फिरवला आणि तो तिथेच थांबला. आत काहीतरी कुरकुरलं. हा कागद वाजतो तसा दुसरा कुठलाच वाजत नाही. ताईच्या बोटांनी तो झोपेतही ओळखला असता.

"ताई," धाकटी पुटपुटली, "नीट बघ ना."

हा धीटपणा म्हणावा की भीतीने हिचं भानच सुटलंय? ताईला कळेना. संताप आला आणि त्याहून जास्त माया आली. गजाआड बसलेली धाकटी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. एकदा घरी पोचू दे, मग हिला बघते. ताव उद्या मीच गुपचूप लगद्यात टाकीन.

"बघितलं," ती मोठ्याने म्हणाली. "काही नाही. जा."

धाकटी हलेना. "परत एकदा बघ, ताई."

"जा म्हणते ना!" ताईने तिला जवळजवळ ढकललंच.

जाळीच्या दारापलीकडे जाऊन धाकटी रडायला लागली. सुटली म्हणून रडत असेल. ताईने सुस्कारा सोडला.

मग अधिकारी धाकटीपाशी आले. त्यांनी काही न विचारता हात पुढे केला. धाकटीने पिशवीचं अस्तर उसवलं आणि ताव त्यांच्या हातात दिला.

"सकाळी दिलात तसाच आहे, साहेब," ती हुंदके देत म्हणाली. "मीच तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं हो, आमची ताई सख्ख्या बहिणीलाही सोडणार नाही म्हणून."