तिचा एकच प्रश्न

मास्तर तो जिना पहिल्यांदाच चढत होते. बायकोला दर महिन्याला इथे आणून सोडायचे तेच, पण स्वतः खाली गाडीतच बसायचे. ती वर जाऊन टॅरोच्या पत्त्यांवर भविष्य बघून येईपर्यंत त्यांच्या दोन-तीन सिगरेटी ओढून व्हायच्या. "काय म्हणतायत तुझे पत्ते?" असं ते हसत विचारायचे. "काही नाही, चला," म्हणून ती सीटबेल्ट लावून घ्यायची.

आता ती नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता गेली. हृदय कमजोर होतं ते मास्तरांचं, उशाशी गोळ्यांचा डबा असायचा तो मास्तरांच्या, आणि गेली ती धडधाकट बाई.

पत्तेवाल्या बाईंनी दार उघडलं. गुडघे धरलेले, म्हणून भिंतीचा आधार घेत चालत होत्या. नाव सांगायची वेळच आली नाही. "मास्तर ना? या," म्हणाल्या आणि खुर्ची पुढे केली. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. मास्तरांना वाटलं होतं काळे पडदे असतील, धूर असेल. त्यांचा जरा विरसच झाला.

ते कशासाठी आले होते, हे त्यांनी आडवळणाने सांगितलं. आईला पोचवून आल्या दिवशी मुलगी त्यांना म्हणाली होती, "बाबा, तुम्ही तिला कधी जगूच दिलं नाही." त्यानंतर ती त्यांचा फोन उचलत नव्हती. ते वाक्य मास्तरांच्या काळजात रुतून बसलं होतं.

काय कमी केलं होतं त्यांनी? त्यांची मोटार शिकवण्याची शाळा होती. अर्ध्या गावाने त्यांच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकला होता. बायकोलाही एकदा शिकायची हुक्की आली होती. मी असताना तुला काय गरज, म्हणून त्यांनी तो विषय संपवला. आणि शब्द पाळला. बाजार, शिंपी, बहिणीचं घर, जिथे म्हणेल तिथे नेलं, बाहेर थांबले, घेऊन आले. बालवाडीत नोकरी मिळत होती, तीही करू दिली नाही, उगाच दगदग नको म्हणून. रात्री खिडकी उघडी ठेवायची तिला आवड, पण मास्तरांना वारा सोसत नसे. तिने कधी हट्ट धरला नाही.

उलट तिच्यासारखी समजूतदार बाई शोधून सापडली नसती. मित्रांच्या बायका सिगरेटी लपवायच्या, पथ्यावरून डोकं खायच्या. हिने एका शब्दाने टोकलं नाही. पाकीट संपायच्या आत दुसरं आणून ठेवायची. डॉक्टरांनी मीठ आणि तळलेलं बंद केलं, तरी ताटात मागाल ते मिळायचं. मास्तर हे चारचौघांत अभिमानाने सांगत.

"माझी एकच विनंती आहे," ते म्हणाले. "ती इथे येऊन काय विचारायची?"

बाईंनी मान हलवली. इथलं बोलणं इथेच राहतं, म्हणाल्या. त्यापेक्षा स्वतःचा काही प्रश्न असेल तर विचारा. मास्तर म्हणाले, "आता मी कशासाठी जगायचं?"

बाईंनी पत्ते पिसून पुढे धरले. मास्तरांनी एक ओढला. हातात कंदील घेतलेला एकटा म्हातारा निघाला. पत्ता काय म्हणतो ते मी सांगणार नाही, बाई म्हणाल्या, तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही सांगा.

"बायकोला शोधतोय," मास्तर म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

बाईंना दया आली असावी. "त्या तुमच्याबद्दलच विचारायच्या," त्या हळूच म्हणाल्या. "दर वेळी तेच. यांचं आयुष्य किती आहे?"

मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. एवढी वर्षं खाली गाडीत बसून आपण थट्टा करत होतो आणि वर ती आपल्या आयुष्याची चौकशी करत होती. त्यांना हुंदका आवरेना. मग एकदम सावरून त्यांनी बाईंचा फोन मागितला. माझा नंबर बघून मुलगी उचलणार नाही, म्हणाले. हे तिने तुमच्याच तोंडून ऐकलं पाहिजे.

"नको, मास्तर," बाई म्हणाल्या. "ऐकलंत तेवढं पुरे. घरी जा."

पण हे ऐकल्यावर मास्तर कसले थांबतात? त्यांनी टेबलावरचा फोन उचलून पुढे केला, बाईंना तो उघडायला लावला, नंबर फिरवला आणि आवाज मोठा केला. मुलगी "हॅलो" म्हणाली.

"ठेवू नकोस," मास्तर घाईने म्हणाले. "तुझी आई ज्या बाईंकडे यायची ना, त्यांच्यासमोर बसलोय. आई माझ्यासाठी काय विचारायची ते ऐक, मग मला काय बोलायचं ते बोल. सांगा बाई. सगळं सांगा, काही राखून ठेवू नका."

पलीकडून मुलीने फोन ठेवला नाही. बाईंनी एकवार मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले.

"आयुष्य किती ते पत्ते सांगत नाहीत, हे मी तुझ्या आईला प्रत्येक वेळी समजावायचे," बाई फोनकडे बघत म्हणाल्या. "शेवटची आली तेव्हा म्हणाली, निदान एवढं तरी बघा, हे गेल्यावर माझं मला एखादं वर्ष मिळेल ना?"