लाल दवाई

शेजारच्या गावात पटकीनं माणसं दगावली, तसे चांद्याहून सरकारी डॉक्टर चावडीवर आले. मोठ्या विहिरीत लाल दवाई कोतवालानं टाकायची आणि साऱ्या गावानं तिचंच पाणी प्यायचं, असा हुकूम त्यांनी दिला. पाटील चपापले. तानबा कोतवाल गावकुसाबाहेरचा. त्याच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन विहिरीच्या ओट्याखाली उभ्या राहत आणि वरून कुणी ओतेल तेवढंच पाणी नेत.

डॉक्टरांपुढं पाटलांनी मान डोलावली. तानबा ओट्यावर चढला, बादलीत दवाई घोळली आणि ते गुलाबी पाणी विहिरीत सोडलं.

डॉक्टरांची बैलगाडी वेशीबाहेर गेली. दवाई पाण्यात मुरली, तेव्हा तानबाची बायको भागीरथा घागर घेऊन सरळ वर चढली आणि तिनं नवऱ्याच्या हातातला दोर घेतला.

“खाली उतर, भागीरथा!” पाटील ओरडले. “हुकूम कोतवालाले हाय, तुले नाई.”

“त्यायले दवाई टाकाचा हुकूम हाय, पाटील. पाणी प्याचा हुकूम साऱ्या गावाले हाय.” तिनं बादली विहिरीत सोडली. “मी का गावातली नाई?”

मागून वस्तीतल्या बाया एकेक करून ओटा चढू लागल्या.

तानबाचा ऊर भरून आला. सरकारचे किती हुकूम त्यानं आजवर दवंडी पिटून गावाला ऐकवले होते. पण हुकुमाचा अर्थ गावाला समजावून सांगणारं माणूस त्याच्या घरातच निघालं.