एक टाका जास्त

"मुलं किती?" दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईनं मान वर न करता विचारलं.

"एकही नाही," बारा म्हणाली.

"चार लिहा," अकरा मध्येच म्हणाली आणि तिच्याकडे वळली. "माझी घेऊन जा गं बारा. वर्षभर वापर. आवडली नाहीत तरी परत आणू नकोस."

काउंटरवरच्या बाईनं शून्य लिहिलं.

अकरा आणि बारा ही काही त्यांची नावं नव्हती. नावं होती, चांगली होती, पण वापरून मळवायची कशाला? सात वर्षांपूर्वी, लग्नाच्या महिनाभर आधी, बारा पोटदुखीनं बायकांच्या वॉर्डात भरती झाली होती. दुर्बिणीनं आत नुसतं बघू, म्हणाले डॉक्टर. शेजारच्या खाटेवरची ही अकरा, तीन मुलांनंतर आता पुरे म्हणून कायमचं ऑपरेशन करून घ्यायला आली होती. वॉर्डात नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती, खाटेचा नंबर हेच नाव. "अकरा, गोळी घे. बारा, हात पुढे कर." तेच नंबर दोघींना चिकटले.

मैत्री जमली ती पंख्यावरून. वॉर्डात पंखा एकच, आणि शेजारणीला उकाडा म्हणजे शत्रू. ऑपरेशनच्या सकाळी तिनं असं काही केविलवाणं तोंड केलं, की पंख्याखालची बारा उशी, बाटली, चपला उचलून निमूट तिच्या भिंतीकडच्या खाटेवर गेली. लगेच नर्स आली, दोघींना गुंगीची सुई देऊन गेली. जाग आली तेव्हा सगळं उरकलं होतं. बाराला सांगितलं, आत काहीही सापडलं नाही, जा, खुशाल लग्न कर.

तिनं केलं. आणि तिथून सहा वर्षं गोळ्या, पथ्यं, तारखांवर खुणा केलेली कॅलेंडरं. नवऱ्याच्या तपासण्या झाल्या. त्याचं सगळं इतकं चोख निघालं की बिचारा अपराध्यासारखा घरी आला. सासूबाई म्हणायच्या, "मी आपली काही बोलत नाही." आणि मग अर्धा तास बोलायच्या. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, गर्भाच्या नळ्यांमध्ये औषध सोडून फोटो काढू. औषध पलीकडे गेलं तर रस्ता मोकळा. नाही गेलं, तर बंद.

नवरा म्हणाला होता, "निकाल काही लागो, आपण दोघं आहोतच." ते ऐकून तिला मोरीत जाऊन रडावं लागलं होतं. तिला तिसरं माणूस हवं होतं. ते एकदा येऊ दे, मग सासूबाईंनी तासभर बोलावं.

"मावशी, तुझा फोटो काढणार?" बाकावर पाय हलवत बोनसनं विचारलं. "मग केस विंचर ना."

बोनस म्हणजे अकराची चौथी. कायमच्या ऑपरेशननंतर वर्षाच्या आत ही बाई आली. नवऱ्यानं डोकं धरलं, नातेवाइकांनी तोंडाला पदर लावले. अकरानं मात्र स्वतःच शोध लावला होता, आणि तो ती दुकानात, बसमध्ये, कुठंही सांगायची.

"मला दोन टाके पडणार म्हणाले होते," आत्ताही ती शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "आणि घातला एक. मोजा हवं तर! तिथूनच निसटली ही कार्टी. आणि हिला बघा, एकाचं बोलणं होतं, दिले दोन. माझा टाका ढापून बसलीय सात वर्षं."

"मागायचास ना परत," बारा म्हणाली.

"राहू दे. बोनसला वाढवलं कुणी? फिटला."

ते खरं होतं. लाँड्रीतलं काम संपलं की बारा तिला शाळेतून आणायची. कधी लाँड्रीतच बसवायची, गरम चादरींच्या ढिगाजवळ. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक शर्ट इकडचा तिकडे गेला नव्हता. नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची: नंबर कपड्याला टाचायचा, खुंटीला नाही. कपडा खुंटी बदलतो. बोनसला ते पाठ होतं.

आतून हाक आली.

टेबल गार होतं. डॉक्टरांनी औषध सोडण्याआधी एक साधा फोटो काढला, पडद्यावर बघितला, आणि हातातली नळी खाली ठेवली.

"औषध सोडायची गरज नाही."

"मोकळा आहे रस्ता?" बारा कोपरावर उठली.

"ऑपरेशन कधी करून घेतलंत?"

"कसलं? दुर्बिणीनं बघितलं होतं फक्त. सात वर्षं झाली. काही सापडलं नाही म्हणाले."

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन पांढऱ्या रेघा. एक डावीकडे, एक उजवीकडे, अगदी नीट बसवलेल्या.

"या क्लिपा आहेत. तुमच्या नळ्या आपोआप बंद नाही पडल्या, बंद केल्यात. मुलं आता पुरे म्हणतात ना, त्या बायकांना लावतो आम्ही."

"मी असं कधी म्हटलं?"

"मग कुणी म्हटलं?"

बाराच्या डोळ्यांपुढे उगाचच लाँड्रीतली खुंटी आली. रिकामी, नंबर टाचलेली.

दार ढकलून बोनस आत घुसली. तिला पकडायला मागोमाग अकरा, धापा टाकत. टेबलावरची बारा दिसली, पोटावरच्या दोन जुन्या खुणा दिसल्या, आणि तिला राहवलं नाही.

"मोजलेत ना डॉक्टर? त्यातला एक माझा आहे, बरं का!"