देशभक्त फाउस्तो

रॅव्हिओली वाढता वाढता पिएरिनाबाईंनी पाहुण्यांपुढे मुलाचं कौतुक सुरू केलं. "बायको मोनॅकोची, नोकरीही मोनॅकोत. लग्नाला वीस वर्षं झाली, आता मागितलं की तिथलं नागरिकत्व मिळेल. पण आमचा फाउस्तो म्हणतो, आई, मरेन तर इटालियन म्हणूनच!"

फाउस्तोनं ताटात डोकं घातलं. सुनेनं, मिरेयनं, नुसतं 'हं' केलं.

"हं काय गं? तुला नाही वाटत अभिमान?"

"वाटतो ना, आई. रोज संध्याकाळी कॅसिनोच्या दारात हा छाती काढून इटलीचा पासपोर्ट दाखवतो. पगाराच्या दिवशी तर ऑफिसातून थेट."

"तिथं पासपोर्ट कशाला?"

 

"मोनॅकोच्या नागरिकाला आत जुगार खेळू देत नाहीत, म्हणून!"